पानाच्या दोन्ही बाजू : फळे, भाज्या आणि आपले आरोग्य

(रुग्णालयाच्या वार्षिक स्नेहसभेत झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



आपल्या रुग्णालयाच्या वार्षिक सभेत बोलण्याची संधी दिल्याबद्दल विश्वस्त मंडळाचा मी आभारी आहे. अशा सभेत नवी यंत्रसामग्री, नवे विभाग, शस्त्रक्रियांची वाढती संख्या यांची चर्चा होते आणि ती व्हायलाच हवी. परंतु आज मी ज्या विषयावर बोलणार आहे त्यासाठी यंत्र लागत नाही. तो विषय आपल्या रोजच्या ताटातील आहे. फळे आणि भाज्या खाव्यात, हे लहानपणापासून आपण ऐकत आलो आहोत. इतक्या वेळा ऐकलेली गोष्ट कानावरून सहज निघून जाते. म्हणून 'खाव्यात' एवढेच न सांगता त्या का खाव्यात, किती खाव्यात, कोणी जपून खाव्यात आणि ज्यांना त्या परवडत नाहीत त्यांच्यासाठी आपण काय करू शकतो, या चार प्रश्नांचा विचार आज करू या.

आपल्याकडे पान वाढण्याची एक रीत आहे. पानाच्या डाव्या बाजूला मीठ, लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर; उजव्या बाजूला पातळ भाजी, सुकी भाजी, उसळ; आणि मध्ये भात किंवा पोळी. ही रीत घालून देणाऱ्यांना जीवनसत्त्वांची नावे ठाऊक नव्हती. तरीही त्या पानात लिंबू होते, कच्चे होते, शिजलेले होते, हिरवे होते आणि पिवळेही होते. आज मात्र अनेक घरांत पानाचा मधला भाग वाढत गेला आहे आणि दोन्ही बाजू आक्रसत चालल्या आहेत. भाताचा ढीग आणि त्यावर बटाट्याच्या रश्श्याचे दोन डाव, किंवा चहाबरोबर बिस्किटांचा पुडा, हेच कित्येकांचे जेवण झाले आहे. पोट भरते, पण शरीराची गरज भरून निघत नाही.

मुंबईतील एक शोध

ही गरज म्हणजे नेमके काय, हे शास्त्राला कसे उमगले याचा एक महत्त्वाचा अध्याय आपल्या मुंबईतच लिहिला गेला आहे. १९२८ साली डॉ. ल्यूसी विल्स या इंग्रज संशोधिका मुंबईत आल्या. शहरातील गिरणी कामगार वस्त्यांत राहणाऱ्या गर्भवती स्त्रियांमध्ये एक तीव्र स्वरूपाचा रक्तक्षय आढळत असे आणि त्यात अनेकींचा मृत्यू होई. हाफकिन संस्थेत काम करीत असताना डॉ. विल्स यांनी या स्त्रियांच्या आहाराची बारकाईने पाहणी केली. ज्यांचा आहार सर्वांत निकृष्ट, त्यांच्यातच हा आजार सर्वाधिक, असे त्यांना दिसून आले. त्यामुळे आजाराचे मूळ जंतूत नसून ताटात असावे, या निष्कर्षाप्रत त्या पोहोचल्या. पुढे यीस्टच्या अर्काने या स्त्रिया बऱ्या होतात, हे त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले. त्या अर्कातील अज्ञात घटकाला कित्येक वर्षे 'विल्स घटक' असेच म्हटले जात असे.

तो घटक कोणता, हे पुढील दशकात उलगडले. १९४१ साली अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी सुमारे चार टन पालकाच्या पानांतून एक द्रव्य अत्यल्प प्रमाणात वेगळे केले. पानाला लॅटिन भाषेत 'फोलियम' म्हणतात. त्यावरून त्या द्रव्याला 'फोलिक आम्ल' हे नाव मिळाले. प्रयोगशाळेत ते तयार करण्यात यश आले ते डॉ. येल्लाप्रगड सुब्बाराव या भारतीय शास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली काम करणाऱ्या चमूला. आज गर्भवती स्त्रीला जी फोलिक आम्लाची गोळी दिली जाते, तिच्यामागे मुंबईतील कामगार स्त्रियांचे दुःख आणि पालकाची पाने अशी दोन्ही उभी आहेत. गर्भधारणेपूर्वी आणि पहिल्या काही आठवड्यांत फोलिक आम्ल पुरेसे मिळाले, तर बाळाच्या मेंदूतील व मज्जारज्जूतील काही गंभीर जन्मजात व्यंगे टाळता येतात, हे १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीने निर्विवाद सिद्ध केले.

मातेच्या ताटातून बाळाकडे

या कथेचा पुढचा भाग पुण्यात घडला. पुण्याजवळील सहा खेड्यांत १९९३ पासून गर्भवती मातांच्या आहाराचा अभ्यास झाला. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा अभ्यास आज जगभर ओळखला जातो. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यातील एका निष्कर्षाने अनेकांना विचार करायला लावले. माता एकूण किती उष्मांक किंवा किती प्रथिने घेते, याचा बाळाच्या जन्मवेळच्या आकारमानाशी ठळक संबंध आढळला नाही. मात्र ज्या माता हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा घेत होत्या, त्यांची बाळे जन्मतः अधिक चांगल्या वाढीची होती.

निरीक्षणातून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. म्हणून मुंबईतील झोपडपट्ट्यांत डॉ. रमेश पोतदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष प्रयोग केला. सहा हजारांहून अधिक स्त्रियांची दोन गटांत विभागणी करण्यात आली. एका गटाला गर्भधारणेपूर्वीपासून प्रसूतीपर्यंत पालेभाज्या, फळे आणि दूध यांपासून बनवलेला खाऊ दिला गेला. दुसऱ्या गटाला बटाटा, कांदा यांसारख्या पदार्थांचा. त्याचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. सर्व स्त्रियांचा एकत्रित विचार करता बाळांच्या वजनात लक्षणीय फरक दिसला नाही, हे प्रथम सांगायला हवे. पण ज्यांनी गर्भधारणेपूर्वी किमान तीन महिने हा खाऊ घेतला होता, त्यांच्या बाळांचे वजन सरासरी सुमारे ५० ग्रॅमने अधिक भरले. आणि हा लाभ अगदी कृश मातांपेक्षा इतर मातांत अधिक दिसला. त्याहून लक्षवेधी गोष्ट म्हणजे गरोदरपणातील मधुमेह. साध्या खाऊच्या गटात तो सुमारे १२ टक्के स्त्रियांत आढळला, तर भाजी-फळे-दुधाच्या गटात सुमारे ७ टक्के.

या दोन्ही अभ्यासांतून मिळणारा धडा असा की, भाजी-फळांचा लाभ आयत्या वेळी पदरात पडत नाही. डोहाळजेवणाच्या दिवशी पाटावर बसवून पाच फळांनी ओटी भरणे ही सुंदर प्रथा आहे. पण तिच्या किती तरी आधी, मुलगी वयात येते तेव्हापासूनच, तिच्या ताटात रोज पालेभाजी आणि एक फळ पडले पाहिजे. घरात सर्वांच्या शेवटी जेवणाऱ्या सुनेच्या वाट्याला भाजीचे रिकामे पातेले येत असेल, तर त्याची किंमत पुढची पिढी मोजते.

रक्तक्षय आणि लिंबाची फोड

आपल्याकडील रक्तक्षयाची स्थिती गंभीर आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांमध्ये आणि पाच वर्षांखालील सुमारे ६९ टक्के बालकांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे या सभागृहात बसलेल्या दर दोन भगिनींमागे एकीला तो असण्याची शक्यता आहे.

पालेभाजी खाल्ली की रक्त वाढते, हे आपण ऐकतो. ते अर्धसत्य आहे. माठ, चवळई, राजगिरा, शेवग्याचा पाला यांत लोह असते. परंतु वनस्पतीतील लोह आतड्यातून सहजासहजी शोषले जात नाही. ते शोषले जावे यासाठी त्याच जेवणात 'क' जीवनसत्त्व हवे. पोह्यांवर पिळलेले लिंबू, वरणभाताजवळची लिंबाची फोड, जेवणातला कच्चा टोमॅटो, आवळ्याचे लोणचे, जेवणानंतरचा पेरू हे काम करतात. याउलट जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर घेतलेला चहा लोहाचे शोषण रोखतो. जेवण आणि चहा यांत किमान तासाभराचे अंतर ठेवले, तरी तीच भाजी अधिक उपयोगी पडते. यासाठी एक पैसाही अधिक खर्च होत नाही.

मात्र एक गोष्ट निक्षून सांगतो. ज्यांचा रक्तक्षय तपासणीत सिद्ध झाला आहे, त्यांनी केवळ पालेभाजीवर विसंबून डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या बंद करू नयेत. भाजी ही पुढचा रक्तक्षय टाळते. झालेला रक्तक्षय भरून काढायला औषध लागते. तसेच 'ब-१२' हे जीवनसत्त्व कोणत्याही फळात किंवा भाजीत नसते. शाकाहारी कुटुंबांनी त्यासाठी दूध, दही, ताक यांचा समावेश आवर्जून ठेवावा आणि गरज पडल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने पूरक औषध घ्यावे.

रक्तदाब, हृदय आणि मधुमेह

आता प्रौढांच्या आजारांकडे वळू. भाज्या व फळांत पोटॅशियम भरपूर आणि सोडियम अल्प असते. आपल्या आजच्या आहारात नेमके उलटे झाले आहे : लोणची, पापड, फरसाण यांतून मीठ वाढले आणि भाजी घटली. १९९७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ४५९ प्रौढांना आठ आठवडे ठरावीक आहार देण्यात आला. भरपूर फळे, भाज्या आणि कमी स्निग्धांशाचे दुग्धपदार्थ असा आहार घेणाऱ्यांपैकी ज्यांचा रक्तदाब मुळात वाढलेला होता, त्यांच्यात वरचा रक्तदाब तुलनेच्या गटापेक्षा सरासरी ११ अंकांनी अधिक उतरला. हा परिणाम एखाद्या औषधाच्या तोडीचा आहे. केवळ फळे आणि भाज्या वाढवलेल्या गटातही रक्तदाब उतरला, पण कमी प्रमाणात.

२०१७ साली प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अभ्यासात भारतासह १८ देशांतील १,३५,००० हून अधिक लोकांच्या आहाराची नोंद ठेवली गेली होती. फळे, भाज्या आणि कडधान्ये मिळून दिवसाला ३७५ ते ५०० ग्रॅम खाणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण सर्वांत कमी आढळले; त्याहून अधिक खाण्याने फारसा अधिक लाभ दिसला नाही. गरिबांसाठी ही बातमी दिलासा देणारी आहे. ताट फळांनी ओसंडून वाहण्याची आवश्यकता नाही. मध्यम प्रमाण, पण रोज, एवढे पुरे.

भाज्यांतील तंतुमय पदार्थ, ज्यांना आपण चोथा म्हणून हिणवतो, ते बद्धकोष्ठ दूर ठेवतात, कोलेस्टेरॉल कमी करण्यास मदत करतात आणि जेवणानंतर रक्तातील साखर एकदम चढू देत नाहीत. म्हणूनच मधुमेही रुग्णाने फळाचा रस न घेता फळ चावून खावे. एका पेल्यासाठी तीन-चार संत्री पिळली जातात. त्यांची साखर पेल्यात उतरते आणि चोथा कचऱ्यात जातो. मधुमेहींना फळे सर्वस्वी वर्ज्य आहेत, हा समज चुकीचा आहे. पेरू, पपई, जांभूळ, संत्रे ही फळे ठरवून दिलेल्या प्रमाणात घेता येतात. आंबा, चिकू, सीताफळ, केळे यांचे प्रमाण मात्र डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ यांना विचारून ठरवावे, आणि ती भरल्या जेवणावर खाऊ नयेत.

गोळीत मावत नाही ते

एक प्रश्न मला नेहमी विचारला जातो : जीवनसत्त्वांची गोळी घेतली तर भाजीची कटकट कशाला? याचे उत्तर एका दुःखद अनुभवाने दिले आहे. गाजर, भोपळा, पालक यांत असलेले बीटा-कॅरोटीन भरपूर घेणाऱ्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी होतो, असे निरीक्षणांत दिसले होते. म्हणून फिनलंडमध्ये २९,००० हून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर बीटा-कॅरोटीनच्या गोळ्यांची चाचणी घेण्यात आली. १९९४ साली निष्कर्ष आला तेव्हा गोळ्या घेणाऱ्यांत हा कर्करोग कमी न होता सुमारे १८ टक्क्यांनी अधिक आढळला. भाजीतले एकच द्रव्य उचलून मोठ्या मात्रेत दिले, म्हणजे भाजीचे गुण मिळत नाहीत. ज्यांना डॉक्टरांनी एखाद्या कमतरतेसाठी गोळी दिली आहे, त्यांनी ती अवश्य घ्यावी. पण स्वतःच्या मनाने 'शक्तीच्या' गोळ्या आणू नयेत.

आणि भाजी-फळांविषयी अवास्तव दावेही करू नयेत. फळे खाऊन कर्करोग बरा होतो, अमुक रसाने मूत्रपिंड दुरुस्त होते, असा प्रचार करणाऱ्यांमुळे कित्येक रुग्ण उपचारांचा मोलाचा काळ गमावतात. आहार उपचारांना बळ देतो. उपचारांची जागा घेत नाही. तंबाखू मळता मळता सॅलड खाणाऱ्याने तर ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी.

किती, कोणते आणि कसे

जागतिक आरोग्य संघटना प्रौढ व्यक्तीसाठी दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळे व भाज्या सुचवते. त्यात बटाटा, रताळे यांसारखे कंद धरलेले नाहीत. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत २,००० उष्मांकांच्या आहारासाठी ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे असे प्रमाण दिले आहे. घरगुती भाषेत सांगायचे तर दिवसभरात एक वाटी पालेभाजी, एक ते दोन वाट्या फळभाजी, एक वाटी कोशिंबीर किंवा कच्चे काकडी-टोमॅटो-मुळा आणि एक मध्यम आकाराचे फळ. बटाट्याची भाजी ही भाजी म्हणून मोजू नये. ती भाताची बहीण आहे.

कोणती फळे? रुग्णाच्या उशाशी सफरचंदे ठेवण्याची आपल्याकडे पद्धत पडली आहे. सफरचंद चांगलेच आहे, पण ते महाग आहे म्हणून अधिक गुणकारी आहे असे नाही. १०० ग्रॅम पेरूत सुमारे २०० मिलिग्रॅम 'क' जीवनसत्त्व असते. तेवढ्याच सफरचंदात ते काही मिलिग्रॅम एवढेच. आवळा तर पेरूच्याही पुढे आहे. पिकलेली पपई आणि लाल भोपळा यांतून 'अ' जीवनसत्त्वाची सामग्री मिळते, जिच्या अभावी मुलांना रातांधळेपणा येतो. शेवग्याचे झाड परसात असेल तर त्याचा पाला फुकट मिळतो.

नाशिकची द्राक्षे, जळगावची केळी, नागपूरची संत्री, सोलापूरची डाळिंबे, रत्नागिरीचा हापूस ही ज्या राज्याची ओळख आहे, त्या राज्यातील बालकांच्या ताटात फळ नसावे, ही खेदाची बाब आहे. बोरे, जांभळे, करवंदे यांना आपण रानमेवा म्हणतो आणि नंतर विसरून जातो. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, भारंगी, करटोली, शेवळे या रानभाज्या आदिवासी भगिनी बाजारात आणतात. त्या ओळखीच्या व्यक्तीकडूनच घ्याव्यात आणि त्यांच्याच रीतीने शिजवाव्यात. शेवळाची भाजी काकडांची फळे घालून करतात, कारण त्याविना ती घशाला खाजते. अळूला चिंच लागते ती त्याचसाठी. हे ज्ञान कोणत्याही पाठ्यपुस्तकाइतकेच मोलाचे आहे. भोगीची मिसळीची भाजी आणि ऋषिपंचमीची भाजी या सणांतून आपल्या पूर्वजांनी एकाच पातेल्यात आठ-दहा भाज्या आणण्याची सोय करून ठेवली. वर्षातून एकदा येणारा तो दिवस महिन्यातून दोनदा आणला, तर सणाचा अर्थ कमी होणार नाही.

शिजवण्याविषयी थोडे. भाजी आधी वाहत्या पाण्याखाली स्वच्छ धुवावी आणि मग चिरावी. चिरून धुतल्यास जीवनसत्त्वे पाण्याबरोबर वाहून जातात. फार आधी चिरून ठेवू नये. झाकण ठेवून, थोड्या पाण्यात, मऊ होईपर्यंतच शिजवावी आणि शिजवलेले पाणी टाकून न देता आमटीत घालावे. गाजर किंवा पालक यांना थोड्या तेलाची फोडणी हवीच, कारण त्यांतील कॅरोटीन स्निग्धांशाविना नीट शोषले जात नाही. गाजराच्या कोशिंबिरीवर घातलेला दाण्याचा कूट आणि वरून दिलेली फोडणी केवळ चवीसाठी नाही. आंबे आणि केळी पिकवण्यासाठी कॅल्शियम कार्बाइड वापरण्यास कायद्याने बंदी आहे. तेव्हा खात्रीच्या विक्रेत्याकडून फळे घ्यावीत आणि सालीसकट धुऊन मगच कापावीत.

कोणी जपावे

रुग्णांच्या नातेवाइकांनी पुढील भाग लक्षपूर्वक ऐकावा, ही विनंती. ज्यांची मूत्रपिंडे निकामी होत आहेत किंवा जे डायलिसिसवर आहेत, त्यांच्या शरीरातून पोटॅशियम नीट बाहेर टाकले जात नाही. ते रक्तात वाढले तर हृदयाचे ठोके अचानक बिघडू शकतात आणि जिवाला धोका निर्माण होतो. अशा रुग्णाला प्रेमाने दिलेले शहाळ्याचे पाणी, केळे किंवा फळांचा रस घातक ठरू शकतो. त्यांच्यासाठी भाज्या सोलून, बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकडून ते पाणी टाकून द्यावे लागते, म्हणजे सर्वसामान्यांना जे सांगितले त्याच्या नेमके उलट. काय आणि किती, हे त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवायचे आहे.

हृदयाची कृत्रिम झडप बसवलेले काही रुग्ण रक्त गोठू नये म्हणून वॉरफॅरिन किंवा असिनोकुमॅरॉल घेतात. पालेभाज्यांतील 'के' जीवनसत्त्व या औषधांच्या विरुद्ध दिशेने काम करते. या रुग्णांनी पालेभाजी सोडायची नाही. पण एक आठवडा भरपूर आणि पुढचा आठवडा काहीच नाही, असेही करायचे नाही. प्रमाण रोज सारखे ठेवावे आणि त्यात मोठा बदल करण्यापूर्वी डॉक्टरांना सांगावे. कर्करोगावरील औषधोपचार चालू असलेल्यांनी आणि नुकतीच पोटाची शस्त्रक्रिया झालेल्यांनी कच्चे पदार्थ विचारूनच घ्यावेत.

ज्यांना परवडत नाही त्यांचे काय?

आता सर्वांत अवघड प्रश्न. वर उल्लेखिलेल्या १८ देशांच्या अभ्यासातील संशोधकांनी २०१६ साली आणखी एक गोष्ट दाखवून दिली होती. अल्प उत्पन्नाच्या देशांत कुटुंबातील प्रत्येकाने दिवसाला दोन वेळा फळे आणि तीन वेळा भाज्या खायच्या ठरवल्या, तर कुटुंबाच्या उत्पन्नाचा निम्म्याहून अधिक भाग त्यावरच खर्च होईल. श्रीमंत देशांत हा खर्च उत्पन्नाच्या दोन टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबाला आपण 'फळे-भाज्या खा' असे कागदावर लिहून देतो, तेव्हा त्याच्या खिशाला न झेपणारे औषध लिहून देत असतो. ते कुटुंब अडाणी किंवा बेफिकीर आहे म्हणून भाजी खात नाही, असे समजणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

येथे देणगीदारांची भूमिका सुरू होते. आपल्याकडे वाढदिवस, पुण्यतिथी, जयंती या निमित्ताने रुग्णालयात फळवाटप करण्याची प्रथा आहे. त्यामागील भावना निर्मळ असते आणि मी तिचा आदर करतो. परंतु त्या एका सकाळी वॉर्डातील प्रत्येक खाटेवर दोन केळी आणि एक सफरचंद येते, मग तो रुग्ण मधुमेही असो, डायलिसिसवर असो किंवा उपाशीपोटी शस्त्रक्रियेला निघालेला असो. आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा काही नाही. त्याऐवजी तोच निधी रुग्णालयाच्या स्वयंपाकघराला दिला, तर रोजच्या जेवणात एक वाटी पालेभाजी, लिंबाची फोड आणि हंगामी फळ नियमाने देता येईल, आणि कोणाला काय द्यायचे हे आहारतज्ज्ञ ठरवतील. ज्यांच्या स्मरणार्थ देणगी द्यायची, त्यांच्या नावाने एका आठवड्याची किंवा एका महिन्याची भाजी देता येईल.

दुसरी सूचना प्रसूती विभागासाठी. तपासणीला येणाऱ्या गर्भवती भगिनींना आणि लग्न होऊन नुकत्याच आलेल्या मुलींना औषधांच्या पुडीबरोबर पालेभाजीची जुडी आणि चार पेरू देता आले, तर मुंबईच्या प्रयोगाने दाखवलेला मार्ग आपल्या दारापर्यंत येईल. तिसरी सूचना सर्वांत स्वस्त आहे : घरी जाताना रुग्णाच्या हाती पडणाऱ्या कागदावर त्याच्या भागात, त्या ऋतूत, त्याच्या ऐपतीत मिळणाऱ्या पाच भाज्या आणि दोन फळे यांची नावे मराठीत लिहावीत. 'संतुलित आहार घ्यावा' या तीन शब्दांनी कोणाचेही पोट किंवा मन भरत नाही. आणि रुग्णालयाच्या आवारात जागा असेल तर चार शेवगे, दोन पपया, एक लिंबू आणि एक कढीपत्ता लावायला फार मोठा निधी लागणार नाही.

श्रोतेहो, मी आपला बराच वेळ घेतला. आपण आज रात्री घरी जेवायला बसाल, तेव्हा आपल्या पानाच्या दोन्ही बाजू एकदा पाहा, आणि घरात सर्वांत शेवटी जेवणाऱ्या व्यक्तीचे पानही पाहा. तिथे भाजी उरली आहे का, एवढाच प्रश्न विचारा. त्या पानात भाजी असेल, तर त्या घरातून आपल्या रुग्णालयात येणाऱ्यांची संख्या हळूहळू कमी होईल. आणि कोणत्याही धर्मादाय रुग्णालयाला याहून मोठे यश कोणते असू शकेल?